सगळ्यांनी लावला, तुम्हीच का नाही?

आज जरा लांब लिहितोय. वेळ असेल तर पूर्ण वाचा. नसेल तर रात्री जेवण झाल्यावर वाचा. पण अर्धं वाचून भांडू नका, कारण यात शेवटी माझंच चुकलेलं सांगायचं आहे.

नऊ-दहा वर्षं झाली असतील. २६ जानेवारीचा दिवस. मूल-सावली पट्ट्यातलं एक गाव. नाव लिहीत नाही, कारण ज्या बाईबद्दल लिहितोय तिला न विचारता तिला ओळखता येईल असं काही लिहायचं नाही. सकाळी झेंडावंदन झालं, पोरांना बिस्किटं वाटली, आणि शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा बसली. मी गेलो होतो धान खरेदी केंद्राच्या तक्रारी ऐकायला. सभा चालू दिसली म्हणून खांबाला टेकून उभा राहिलो. गळ्यात कॅमेरा, खिशात डायरी.

विषय चार-पाच होते. घरकुलाची यादी, नळयोजना, अंगणवाडी वगैरे. शेवटचा विषय गायरानातली काही जागा एका कामासाठी देण्याचा. तो विषय सचिवांनी इतक्या भरभर सांगितला की मागे बसलेल्या बायांना ऐकू गेलं असेल असं मला वाटत नाही. मग रजिस्टर फिरायला लागलं. ज्याला येते त्याने सही करायची, येत नाही त्याने अंगठा.

रजिस्टर फिरत फिरत एका बाईपाशी आलं. वय पन्नाशीच्या आसपास. तिने रजिस्टर हातात घेतलं, पाहिलं आणि मांडीवर ठेवून दिलं.

"अंगठा लावा बाई."

"वर काय लिवलं हाये जी?"

"हजेरी आहे ती."

"हजेरी हाय तं वरची जागा रिकामी कायले सोडली?"

बाईला वाचता येत नव्हतं. पण पानाचा वरचा अर्धा भाग कोरा आहे, हे पाहायला वाचता यावं लागत नाही.

सचिव जरा गडबडले. ठराव मग लिहिला जातो, पद्धतच आहे, असं काहीतरी बोलले. पुढे खुर्चीवर बसलेला एक पुढारी म्हणाला, "काकू, सगळ्यांनी लावला, तुम्हीच का नाही?" दोन-चार माणसं हसली. तिचाच भासरा मागून ओरडला, "चूप लाव ना वो अंगठा, घरी जायाचं हाय."

ती म्हणाली, "त्यायनं लावला असन. मले आधी वाचून दाखवा, मंग लावतो."

आवाज चढलेला नव्हता. उभीही राहिली नाही. बसल्या जागेवरून बोलली आणि रजिस्टर मांडीवरून हलू दिलं नाही. मला वाटतं मिनिट-दीड मिनिट कुणीच काही बोललं नाही. ग्रामसभेत मिनिटभर शांतता म्हणजे काय, हे ज्यांनी ग्रामसभा पाहिली आहे त्यांना कळेल.

मग दुसऱ्या कोपऱ्यातून एक म्हातारी बोलली, "वाचून दाखवाले का जाते तुमचं?" मग आणखी एक बाई. मग एक पोरगा उठला, जो आधीच सही करून बसला होता, आणि म्हणाला, "माही सही खोडा. वाचल्यावर करतो." पाच मिनिटांत चित्र पालटलं. ठराव वाचायला ठराव लिहिलेलाच नव्हता. सभा तहकूब झाली.

पुढच्या सभेत ठराव लिहून आणला, वाचला, त्यावर दोन तास वाद झाला. जागा दिली गेली, पण गुरं चरायला जायचा रस्ता आणि तळ्याकडचा भाग वगळून. फार मोठी क्रांती झाली नाही. पण आजही त्या गावची गुरं त्या रस्त्याने जातात.

आता माझी गोष्ट.

त्या संध्याकाळी मी बातमी लिहिली. चांगली चारशे शब्दांची. कोऱ्या पानावर अंगठे, बाईचा प्रश्न, पोराने सही खोडायला लावली, सगळं. रात्री डेस्कवरून फोन आला. "सभा तहकूब एवढं घेतो. ते बाईचं वगैरे राहू दे. त्या भाऊंची आजच्याच पुरवणीत शुभेच्छांची जाहिरात आहे, तूच आणलीस ना?"

मीच आणली होती. ज्यांना आमच्या धंद्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तालुक्याच्या वार्ताहराला पगार असा नसतोच. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, दिवाळी, आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस, या दिवशी जाहिराती गोळा करायच्या आणि त्यावर कमिशन घ्यायचं. त्यावर घर चालतं. त्या पुढाऱ्याच्या फोटोसहच्या जाहिरातीचं कमिशन माझ्या हिशेबात जमा होतं.

मी म्हटलं, "ठीक आहे सर."

दोनच शब्द आणि सर. दुसऱ्या दिवशी चार ओळी आल्या. "ग्रामसभा तहकूब." पुढे महिन्याभराने ती बाई मला बाजारात भेटली. तिने कुणाकडून तरी पेपर वाचून घेतला होता. म्हणाली, "माहं नाव नाई आलं जी?" मी काहीतरी बोललो, जागा कमी होती वगैरे. तीच म्हणाली, "बरं झालं. घरचे बोंबलले असते." आणि वांगी घ्यायला लागली.

मी कितीतरी दिवस त्या वाक्यावर तगलो. बरं झालं, तीच म्हणाली ना! पण एक प्रश्न काही सुटला नाही. पत्रकारितेची पदविका माझ्याकडे. आणीबाणीत 'इंडियन एक्स्प्रेस'ने २८ जून १९७५ ला अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतलेले. त्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत यशवंतराव चव्हाणांसमोर उभ्या राहून आजारी जयप्रकाशांबद्दल बोलल्या, आणि नंतर त्यांना तुरुंगात जावं लागलं, हेही पाठ. कोरी जागा कशी निषेध करते ते मला माहीत होतं. आणि कोरी जागा पाहून थांबली ती अक्षरओळख नसलेली बाई. मी खांबाला टेकून उभा होतो आणि रात्री ठीक आहे सर म्हणालो. असं का?

आपल्याकडे याचं सोपं उत्तर तयार असतं. ती धाडसी, मी भित्रा. रक्तातच असतं काहींच्या. आपल्या जिल्ह्यात तर हे उत्तर फार आवडतं. बाबुराव शेडमाके, ज्यांना इंग्रजांनी २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फासावर चढवलं. १६ ऑगस्ट १९४२ चं चिमूर. आपण पुतळ्याला हार घालतो, भाषण करतो आणि घरी येतो. पुतळा उंच असतो, म्हणून आपल्याला वाटतं की नाही म्हणायला तेवढी उंची लागते. आपली तेवढी नाही, म्हणजे आपण सुटलो.

मला आता हे उत्तर पटत नाही. का, ते सांगतो.

अमेरिकेतले दोन प्रयोग आहेत, जुने आहेत, मानसशास्त्र शिकलेल्यांना माहीत असतील. पहिला सोलोमन ॲशचा, १९५० च्या आसपासचा. एका खोलीत काही माणसं बसवायची. समोर एक रेघ दाखवायची आणि बाजूला तीन रेघा. कोणती सारखी ते सांगायचं. पोरालाही येईल इतकं सोपं. पण खोलीतली एक सोडून सगळी माणसं आधीच ठरवून बसवलेली. ती एकामागून एक ठामपणे चुकीचं उत्तर देतात. मग बिचाऱ्या एकट्याची पाळी. डोळ्यांना बरोबर दिसतंय, कानाला सगळ्यांचं चूक ऐकू येतंय. साधारण चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी सगळ्यांसारखं चुकीचं उत्तर दिलं.

दुसरा स्टॅन्ली मिलग्रॅमचा, १९६१ मध्ये येल विद्यापीठात सुरू झालेला. इथे गर्दी नाही, साहेब आहे. करड्या कोटातला माणूस सांगतो, पलीकडच्या खोलीतला माणूस चुकला की बटन दाबायचं, त्याला विजेचा झटका बसेल, प्रत्येक चुकीला झटका वाढवायचा. झटका खोटा होता, पण बटन दाबणाऱ्याला ते माहीत नव्हतं. पलीकडून विव्हळणं ऐकू येत होतं. साहेब फक्त एवढंच म्हणायचा की प्रयोग पुढे चालू ठेवा. ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. ही साधी माणसं होती, घाम पुसत, हात चोळत, पण दाबत गेली.

इथवर बहुतेकांना माहीत असतं, आणि इथवर ऐकून लोक म्हणतात, पहा, माणूस असाच. पण या दोन्ही प्रयोगांचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. ॲशने खोलीतल्या फक्त एका माणसाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. बाकी सगळे चुकीचंच सांगत होते, फक्त एक जण सोबतीला आला. तेवढ्याने गर्दीमागे जाण्याचं प्रमाण धाडकन खाली आलं. मिलग्रॅमने एका फेरीत बटन दाबणाऱ्याच्या बाजूला आणखी दोघं बसवले. ते मध्येच उठले आणि म्हणाले, आम्ही पुढे करणार नाही. मग ४० पैकी किती जण शेवटपर्यंत गेले? फक्त ४.

२६ चे ४ झाले. माणसं तशाच प्रकारची. साहेब तोच. बटन तेच. बदललं एवढंच की बाजूला कुणीतरी आधी नाही म्हणालं.

म्हणजे धाडस रक्तात असतं की नाही ते बाजूला ठेवू. ते बाजूला कोण बसलंय यावर बरंच अवलंबून असतं, एवढं नक्की. ज्याला हे पटत नाही त्याने अमेरिका सोडावी आणि गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागावं. तीसेक किलोमीटरवर मेंढा लागतं. लेखा ग्रामपंचायतीत होतं, म्हणून मेंढा (लेखा). शंभरेक घरांचं गोंड आदिवासींचं गाव.

मेंढ्याची घोषणा आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. पण घोषणेआधीचं पाहा. १९८४ च्या सुमारास गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टनम ही धरणं होऊ घातली होती. जंगल बुडणार, गावं बुडणार. जंगल बचाव मानव बचाव आंदोलन उभं राहिलं, बाबा आमटे त्यात होते, हजारो आदिवासी रस्त्यावर आले आणि धरणं थांबली. मेंढ्याची माणसं त्यात होती. थांबवता येतं, हे त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं.

पुढे गावाने गोटूल बांधायचं ठरवलं. जंगलातलं लाकूड वापरलं म्हणून वन विभागाने ते पाडलं. गावाने पुन्हा बांधलं. आसपासच्या गावांनी साथ दिली. इथेही तेच, बाजूला कोणीतरी होतं.

मग बांबू. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू म्हणजे झाड. झाड म्हणजे सरकारचं. २००६ चा वनहक्क कायदा आला, त्यात बांबू गौण वनोपजात, म्हणजे गावाचा हक्क. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीच्यांपैकी. पण कागदावर हक्क आणि हातात बांबू यात अंतर होतं. तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, आणि तो वन विभागाच्या हातात. तो काही मिळेना. कापता येतो, विकता येत नाही. गावाने भांडण सोडलं नाही, आणि चोरून विकण्याची पळवाटही घेतली नाही. कायद्याचं पुस्तक पुढे करत राहिले. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक देवाजी तोफांच्या हाती ग्रामसभेसाठी दिलं. पहिल्याच हंगामात बांबूची विक्री कोटीच्या घरात गेली. १९२७ च्या कायद्यातली ती बांबूची व्याख्या वनाबाहेरच्या बांबूपुरती बदलायला २०१७ उजाडलं.

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ना घोषणा, ना परवाना. मेंढ्यात दोन सवयी आहेत. एक, अभ्यास गट. निर्णयाच्या आधी लोक बसतात, कायदा समजून घेतात, बाहेरच्या माणसाला बोलावून प्रश्न विचारतात. मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावासोबत वर्षानुवर्षं हे केलं. अभ्यास गटात निर्णय होत नाही, फक्त समजून घेणं होतं. दुसरी सवय, ग्रामसभेत निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढे ढकलायचा, पुन्हा बोलायचं.

आता बघा, याचा अर्थ काय होतो. आपल्या गावात एकटा माणूस नाही म्हणाला की तो सभेचा अडथळा. मेंढ्यात एकटा माणूस नाही म्हणाला की तो सभेचं कामकाज. त्याचं ऐकणं हाच नियम. ज्या गावाने आपल्याच माणसाचं नाही वर्षानुवर्षं ऐकून घेतलं, त्या गावाला वनखात्यासमोर उभं राहून नाही म्हणणं जमलं. मला वाटतं या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. आधी घरात, गावात नाही म्हणायची सवय लागते, मग साहेबासमोर तोंड उघडतं.

मला माहीत आहे, काही जण म्हणतील, सर्वसहमतीचाही दबाव होतो. बरोबर आहे. "सगळं गाव एका बाजूला आणि तू एकटाच आडवा" असं म्हणून माणसाला वाकवता येतंच. गाव म्हणजे नेहमी चांगलंच असंही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याच जिवती तालुक्यात वणी खुर्दला काय झालं ते विसरलो नाही ना? जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना भर चौकात बांधून मारलं. तेव्हा राज्यात जादूटोणाविरोधी कायदा येऊन आठ वर्षं झाली होती. तिथे मारायचा हुकूम कुठल्या साहेबाचा नव्हता. गर्दी हाच साहेब होती. सरकारला नाही म्हणणारे गाव गर्दीला नाही म्हणेलच असं नाही. आणि माझ्या मते दुसरं जास्त अवघड आहे. साहेब बदलून जातो, शेजारी जात नाही.

म्हणूनच गुप्त मतदानाची किंमत आहे. दारूबंदीसाठी उभी बाटली, आडवी बाटली असं बायांचं मतदान होतं ते पाहा. हात वर करायला सांगा, नवरा, सासरा, दुकानदार सगळे बघत असतात. पेटीत चिठ्ठी टाकायला सांगा, मग बघा. २०१० च्या डिसेंबरात पारोमिता गोस्वामींसोबत हजारो बाया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात दारूबंदी झाली, २०२१ मध्ये उठली. बंदी बरोबर की चूक, यावर आपण या पेजवर पुष्कळ भांडलो, आज नको. मुद्दा एवढाच की ज्या बाया घरात दारूबद्दल शब्द काढू शकत नव्हत्या त्या शेकडो जणींच्या रांगेत चालत नागपूरला गेल्या. एकट्या कुणी गेल्या नसत्या.

आणखी एक, हे लिहिल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात अशी कितीतरी वर्षं गेली की एका बाजूने बंदूक आणि दुसऱ्या बाजूनेही बंदूक. दिवसा एक विचारणार, रात्री दुसरा विचारणार. भामरागड-एटापल्लीच्या एखाद्या माणसाला चंद्रपुरात बसून "तू नाही का म्हणाला नाहीस" विचारणं हा निर्लज्जपणा आहे. नाही म्हणायची किंमत सगळीकडे सारखी नसते. कुठे चार लोकांचं हसणं, कुठे जाहिरातीचं कमिशन, कुठे जीव. ज्याने जिवाच्या भीतीने तोंड बंद ठेवलं त्याला मी भित्रा म्हणणार नाही. मी स्वतःला म्हणतो, कारण माझी किंमत फार तर दीड-दोन हजार रुपये होती.

आणि प्रत्येक नाही म्हणजे शौर्य असंही नाही. कोरोनात लस नको म्हणून आरोग्याच्या ताईंना गावातून परत पाठवणारेही नाहीच म्हणत होते. मग फरक कुठे? मला त्या बाईच्या वाक्यात दिसतो. ती नुसतं "नाही" म्हणालीच नव्हती. ती म्हणाली, "आधी वाचून दाखवा, मंग लावतो." अंगठा लावायची तिची तयारी होती. न कळता लावायची नव्हती. आंधळेपणाने हो म्हणणारा आणि आंधळेपणाने नाही म्हणणारा, दोघांनीही वाचलेलं नसतं.

मागच्या हिवाळ्यात मी तिला मुद्दाम भेटायला गेलो. इतक्या वर्षांनी. घरी नातवंडं होती, अंगणात धान वाळत घातलं होतं. मी सरळ विचारलं, तेव्हा एवढी हिंमत कुठून आली. ती हसायला लागली.

"हिंमत कायची जी? एकदा फसलो होतो ना."

मग तिने सांगितलं. त्याच्या पाच-सहा वर्षं आधी कुणाच्या तरी कर्जाच्या कागदावर तिने ओळखीपोटी अंगठा लावला होता. वाचून घेतलं नव्हतं. तो माणूस फेडायचा थांबला आणि वसुलीवाले हिच्या दारात. दोन शेळ्या आणि कानातलं विकावं लागलं. त्यानंतर ती बचत गटात गेली. गटात नियम असा की दर बैठकीत रजिस्टर मोठ्याने वाचायचं. कुणाचे किती जमा, कुणाकडे किती बाकी. लिहिणारी एकच शिकलेली पोरगी, पण वाचायचं सगळ्यांसमोर, आणि वाचल्याशिवाय अंगठा नाही. दर आठवड्याला, तीन-चार वर्षं.

"मंग आदतच पडली. वाचल्याबिगर अंगठा उठतच नाई."

मी विचारलं, ती दुसऱ्या कोपऱ्यातून बोललेली म्हातारी कोण होती?

"आमच्याच गटातली ना. आता नाई ते. मेली दोन वर्सं झाले." थोडं थांबून म्हणाली, "ते बोलली नसती तं म्या लावलाच असता जी अंगठा. हात थरथर कापत होता माहा."

मी व्हरांड्यात तिच्यापासून दहा फुटांवर होतो. मला तो हात थरथरताना दिसला नाही. मला ती खंबीर दिसली, कारण मला तशी पाहायची होती.

तर माझं उत्तर, जे काही आहे ते, एवढंच आहे. नाही म्हणणारी माणसं वेगळ्या मातीची नसतात. ती एकदा फसलेली असतात आणि ते विसरलेली नसतात. त्यांना छोट्या ठिकाणी, बचत गटात, अभ्यास गटात, थांबून विचारायची सवय लागलेली असते. आणि ऐन वेळी, हात कापत असताना, कोपऱ्यातून एक आवाज येतो. तो आला नाही तर त्यांच्यातलेही बरेच जण अंगठा लावून मोकळे होतात आणि आपल्याला त्यांचं कधी कळतही नाही.

माझ्याकडे त्या रात्री तो आवाज नव्हता, असं म्हणून मी सुटू शकतो. डेस्कवर एक जरी म्हणाला असता, "पोरगा बरोबर म्हणतोय, लागू दे बातमी," तर कदाचित मीही अडून बसलो असतो. पण हिशेब उलटाही मांडावा लागतो. त्या व्हरांड्यात शिकलेला, कॅमेरावाला, ज्याला सचिवही घाबरून असतात असा माणूस मीच होतो. ती म्हातारी बोलायच्या आधीचा मिनिट-दीड मिनिट माझ्याकडेही होता. "सचिव साहेब, वाचून दाखवा ना," एवढं म्हणायला पत्रकारितेची पदविका लागत नाही. मी डायरीत लिहीत होतो.

त्या दिवशी कापली गेलेली बातमी आज देतो. उशीर झाला आहे, पण द्यायची राहून गेली होती.

मूल-सावली पट्ट्यातील एका गावात २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव न लिहिताच कोऱ्या पानाखाली ग्रामस्थांच्या सह्या व अंगठे घेतले जात होते. एका महिलेने ठराव वाचून दाखवल्याशिवाय अंगठा लावण्यास नकार दिला. दुसऱ्या एका वृद्ध महिलेने तिला साथ दिली. त्यानंतर इतरांनीही आपल्या सह्या मागे घेतल्या व सभा तहकूब करावी लागली.

आता तुमच्यासाठी काम. येत्या ग्रामसभेला जा. वर्षातून निदान चार व्हायला हव्यात, आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, हे विचारून घ्या. रजिस्टर हातात आलं की आधी वर पाहा, पान कोरं आहे का. कोरं असेल तर वाचून दाखवा म्हणा. एवढं बोलायची हिंमत होत नसेल तर काही हरकत नाही, माझीही झाली नव्हती. पण दुसरं कुणी तसं म्हणालं तर निदान तेवढ्यात तरी, बसल्या जागेवरून, "हो, वाचा" म्हणा.